ससून घराण्याचे दान आणि आमची उपनगरे

परगावी जाऊन पैसा मिळविणारे लोक सर्व काळी असतात; परंतु ज्या गावाने आश्रय दिला त्याचे ऋण ओळखून ते फेडणारे थोडेच. मुंबईच्या इतिहासात अशा थोड्यांत ससून या यहुदी घराण्याची गणना केली पाहिजे. बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचामुळे डेव्हिड ससून यांनी स्वदेश सोडला व ते बुशायरहून १८३२ साली मुंबईस येऊन स्थायिक झाले.

टांकसाळ व गोदीतील कारागिरांनी १८४७ साली एक संस्था स्थापिली होती. तिला त्यांनी ६०,००० रुपये दिले आणि १८७० साली काळ्या घोड्याजवळ वाचनालयाची इमारत पुरी झाली. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ साली उघडले. त्याआधीच, १८६४ साली, डेव्हिड ससून निवर्तले होते. त्यांचे पुत्र अब्दुल्ला ऊर्फ अल्बर्ट यांनी १८७५ साली कुलाब्यास गोदी बांधली. या घराण्याने स्वधर्मीयांसाठी प्रार्थनामंदिरे उभारली, हे स्वाभाविकच होय. परंतु वाचनालयाच्या वा रुग्णालयाच्या दारात त्यांनी कोणाची जात विचारली नाही, हे विशेष.

या संपत्तीत चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता, हे लपविण्यात अर्थ नाही. दानाने तो डाग धुतला गेला, असे आम्ही म्हणत नाही. अफूची रक्कम अफूच्या खाती व वाचनालयाची वाचनालयाच्या खाती मांडावी, हाच व्यापाऱ्यास शोभणारा चोख हिशेब. पुढे घराणे विलायतेस गेले व मुंबईतील पेढी उठली. परंतु वाचनालयात आजही वाचक बसतात आणि कुलाब्याच्या धक्क्यावर पहाटे मासळीचा बाजार भरतो.

आता आमच्या उपनगरांकडे पाहा. अंधेरी व घाटकोपर १९५० साली, तर बोरिवली व मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आली. येथील कोणी कोकणातून आले, कोणी घाटावरून, कोणी कच्छ-सौराष्ट्रातून, तर कोणी उत्तर हिंदुस्थानातून. म्हणजे आपणही सारे ससूनांप्रमाणे बाहेरूनच आलेले! येथे धनाची वाण नाही, दानतीचीही नाही. ज्ञातीच्या वाड्या आहेत, देवळे आहेत, उत्सवांच्या कमानीही आहेत. परंतु एका खोलीत सहा माणसांचा संसार असलेल्या घरातील मुलाने रात्री अभ्यासास बसावे कोठे? त्याची ज्ञात न विचारता त्यास दिवा, टेबल व पुस्तक देणारी जागा किती पेठांत आहे?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक पेठेतील व्यापारी मंडळाने उत्सवाच्या वर्गणीचा काही भाग बाजूस काढून सर्वांस खुली अशी एक अभ्यासिका चालवावी व तिचा जमाखर्च दरसाल दारावर लावावा. कमान आठ दिवसांत उतरते. वाचनालय मात्र दात्याच्या मागेही दीडशे वर्षे उभे राहते, हे ससूनांनी दाखवून दिले आहे. मग आपण उभारायचे काय, हे ज्याचे त्याने आपल्या मनास विचारावे.