पाऊस बावड्याचा, नकाशा कोल्हापूरचा

8 नोव्हेंबर हा जागतिक नगररचना दिन. 1949 पासून तो पाळला जातो आणि या दिवशी बोलणे होते ते शहरांचे. आम्हाला आज गगनबावड्याविषयी बोलायचे आहे.

कोल्हापूर जिल्ह्याच्या बारा तालुक्यांत सर्वांत कमी वस्तीचा हा तालुका. 2011 च्या जनगणनेत माणसे जेमतेम 36 हजार. पाऊस मात्र जिल्ह्यात सर्वाधिक. घाटमाथ्यावर कोसळलेले पाणी कुंभीतून उतरते, भोगावती, तुळशी, कासारीला मिळते आणि पंचगंगा होऊन कोल्हापूरच्या दारात येते. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. 2019 आणि 2021 साली पाणी 55 फुटांच्या वर चढले.

शहराचे ते हाल साऱ्या राज्याने पाहिले. बावड्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. मांडुकली, किरवे इथे रस्त्यावर पाणी आले की कोल्हापूरची वाट बंद. त्यातच करूळ किंवा भुईबावडा घाटात दरड कोसळली की कोकणातही उतरता येत नाही. अडलेल्या बाळंतिणीला कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय गाठायचे तर 55 किलोमीटर. पण मधले पाणी ओसरेपर्यंत त्या अंतराला अर्थच उरत नाही. डोंगरावरच्या धनगरवाड्यांना तर मुख्य रस्त्यापर्यंत येणे हेच संकट.

आता जमिनीचे पाहा. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा 31 जुलै 2024 रोजी निघाला. त्यात महाराष्ट्राचे 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि गगनबावड्याची गावेही आहेत. खाणी नकोत, प्रदूषणकारी उद्योग नकोत, 20 हजार चौरस मीटरच्या वरची बांधकामे नकोत, असे तो सांगतो. या बंधनांना आमचा पाठिंबा आहे. डोंगर पोखरला, जंगल गेले, की दरडी गावावर येतात आणि नदी गाळाने भरते.

पण हा संयम एकट्या डोंगराने का पाळायचा? खाली त्याच पाण्याच्या वाटेवर, पूररेषेच्या आत, भराव पडत राहिले आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. 2017 साली कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झाले, ते शहराभोवतीच्या 42 गावांसाठी. नदीचे खोरे एक, तिच्यावरचे नियोजन मात्र तुकड्यातुकड्यांत. वरच्याने जमीन राखायची, खालच्याने ती विकायची आणि पुरात दोघांनी बुडायचे, याला न्याय म्हणता येत नाही.

म्हणून पंचगंगा खोऱ्याचा आराखडा एकच हवा आणि तो करताना घाटमाथ्याच्या ग्रामसभा पहिल्यापासून सोबत हव्यात. पश्चिम घाटाविषयीच्या माधव गाडगीळ समितीनेही ग्रामसभांना विचारून निर्णय घ्या, असेच सांगितले होते. शहरातील बांधकामांकडून जमा होणाऱ्या विकास शुल्काचा काही वाटा जंगल राखणाऱ्या गावांना मिळावा. मांडुकलीचा रस्ता पुराच्या पातळीच्या वर उचलावा. त्याखालून पाण्याला मोकळी वाट ठेवावी, नाहीतर तोही भरावच ठरेल.

विकास आराखड्यांवर हरकती-सूचना मागवल्या जातात. पुढच्या वेळी कोल्हापूरकरांनी आपल्या प्लॉटच्या हरकतीबरोबर बावड्याच्या रस्त्याची सूचनाही नोंदवावी.