चोवीस तासांचा चुकीचा अर्थ

पहाटे धार काढताना एका शेतकऱ्याचा उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून घरच्यांनी तेलाने चोळले. गावातल्या डॉक्टरांना रक्तदाब १८० दिसला, त्यांनी जिभेखाली गोळी दिली. आमच्याकडे आणेपर्यंत दुपारचे तीन वाजले. उशीर का केला, असे विचारल्यावर थोरला मुलगा म्हणाला, ‘डॉक्टर, आता चोवीस तास असतात ना? मोबाइलवर पाहिलं.’

त्याने पाहिले ते खोटे नव्हते. मेंदूच्या दर १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळते. गुठळीमुळे ते २० च्या खाली गेले की पेशींचे काम थांबते. १० च्या आसपास आले की त्या मरू लागतात. या दोहोंमधला भाग मुका झालेला असतो, मेलेला नसतो. ग्रहणातल्या उपच्छायेवरून त्याला पेनम्ब्रा म्हणतात. तो किती वेळ तग धरेल हे शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या आडवाटेने येणाऱ्या रक्तावर ठरते, आणि हे प्रत्येकाचे वेगळे असते. परफ्युजन सीटी किंवा एमआरआयवर आता ते दिसते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन’ चाचणीत असे चित्रण करून निवडलेल्या रुग्णांची गुठळी ६ ते २४ तासांदरम्यान कॅथेटरने काढली. तीन महिन्यांनी त्यांपैकी ४९ टक्के स्वतःचे स्वतः करू शकत होते. नुसत्या औषधोपचारावरच्या गटात १३ टक्के.

पण मोठी रक्तवाहिनी बंद असूनही ज्यांचा मेंदू टिकून होता, तेच या चाचणीत घेतले होते. बाकीच्यांचे घड्याळ थांबलेले नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आजही साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. आमच्या रुग्णाच्या साध्या सीटीवर मेंदूचा डावा भाग बराचसा काळवंडला होता. काढण्यासारखी गुठळी असली तरी वाचवण्यासारखे फारसे उरले नव्हते.

त्या गोळीबद्दलही बोलले पाहिजे, कारण ती देणारे आमचेच बांधव आहेत. उपच्छायेतल्या पेशी वाढलेल्या रक्तदाबाच्या जोरावरच जगत असतात. तो एकदम पाडला की उरलेसुरले रक्तही आटते. इंजेक्शन द्यायचे असले तरी १८५/११० पर्यंतचा दाब चालतो. द्यायचे नसेल, तर एरवी २२०/१२० पर्यंत आम्ही हात लावत नाही.

परफ्युजनची यंत्रे जिल्ह्याजिल्ह्यांत हवीत, अशी मागणी अधूनमधून होते. यायला हरकत नाही. मात्र इंजेक्शनच्या निर्णयासाठी मेंदूत रक्तस्राव नाही एवढे कळावे लागते आणि ते साध्या सीटीवर कळते. अडते ते दुसरीकडे. रात्री दोन वाजता ती फिल्म वाचणारे कोणी हवे, इंजेक्शन अपघात विभागातच ठेवलेले हवे, आणि १०८ च्या गाडीतून निघतानाच रुग्णालयाला फोन यायला हवा. आरोग्य खात्याने आधी एवढे करावे. त्याला नवी इमारत लागत नाही.

आणि नातेवाइकांनी तेलाची बाटली शोधण्याआधी एक वेळ लिहून ठेवावी: रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता. आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो.