विश्लेषण : ऑस्ट्रेलियात मूलनिवासी मानसतज्ज्ञ इतके कमी का?

ऑस्ट्रेलियात ४० हजारांहून अधिक नोंदणीकृत मानसतज्ज्ञ आहेत. देशाच्या लोकसंख्येत ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलँडर या मूलनिवासींचे प्रमाण सुमारे ३.८ टक्के आहे. मानसतज्ज्ञांमध्ये मात्र ते एक टक्काही नाही. याच समाजात आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणजे जिथे गरज मोठी, तिथेच आपल्या माणसांतला तज्ज्ञ भेटणे कठीण. असे का झाले आणि विद्यापीठांनी काय करायला हवे?

अविश्वास कशामुळे?

मूलनिवासी मुलांना कुटुंबापासून तोडून संस्थांमध्ये किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवण्याचे सरकारी धोरण १९७०च्या दशकापर्यंत चालले. या मुलांना आज ‘स्टोलन जनरेशन्स’, म्हणजे हिरावलेल्या पिढ्या, म्हटले जाते. तत्कालीन पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत त्यांची माफी मागितली. मानसशास्त्राला माफी मागायला आणखी आठ वर्षे लागली. मूलनिवासींच्या श्रद्धांचा मान न राखणाऱ्या निदानपद्धती वापरल्या, चाचण्या चुकीच्या रीतीने लावल्या, संशोधनाचा फायदा संशोधकांनाच झाला आणि मुलांची ताटातूट होत असताना आपण गप्प राहिलो, अशी कबुली ऑस्ट्रेलियन सायकॉलॉजिकल सोसायटीने सप्टेंबर २०१६मध्ये दिली. ज्या विषयाचा इतिहास असा, त्याच्या पुस्तकात आपला समाज केवळ ‘समस्या’ म्हणून भेटत असेल, तर मूलनिवासी विद्यार्थी तिथे रमणार कसा?

गाडी कुठे अडते?

पदवीचे दार आता बरेच उघडले आहे. प्रवेशाची पात्रता पूर्ण करणाऱ्या मूलनिवासी विद्यार्थ्याला २०२४पासून, वैद्यकीय अभ्यासक्रम वगळता, अनुदानित जागेची हमी आहे. ‘ॲबस्टडी’ ही आर्थिक मदत तर १९६९पासून मिळते. पण मानसतज्ज्ञ होण्यासाठी किमान सहा वर्षे लागतात : तीन वर्षे पदवी, चौथे वर्ष ऑनर्सचे आणि त्यानंतर दोन वर्षे व्यावसायिक प्रशिक्षण. खरी चाळणी तिसऱ्या वर्षानंतर लागते. पुढच्या जागा मोजक्या असतात आणि चुरस गुणांची. त्यात प्रत्यक्ष कामाचा सराव बहुधा बिनपगारी. जुलै २०२५पासून शिक्षक, नर्स, सुईण आणि समाजकार्याच्या पात्र विद्यार्थ्यांना सरावाच्या काळात सरकारी भत्ता मिळू लागला. मानसशास्त्र त्या यादीत नाही. दूरच्या वस्तीतून येऊन शहरात घरभाडे भरणाऱ्याने नोकरी सोडून हा सराव करायचा कसा, याचे उत्तर शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत सापडत नाही.

उपाय काय?

मूलनिवासी मानसतज्ज्ञांची स्वतंत्र संघटना २००८मध्ये उभी राहिली. बार्डी समाजाच्या प्रा. पॅट डजन या देशातील पहिल्या मूलनिवासी मानसतज्ज्ञ मानल्या जातात. त्यांच्या नेतृत्वाखालील शिक्षण प्रकल्पाने दोन गोष्टी एकत्र मांडल्या : मूलनिवासी विद्यार्थी वर्गात यावेत व टिकावेत आणि सर्वच विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात मूलनिवासींचे ज्ञान असावे. त्या ज्ञानानुसार माणसाचे स्वास्थ्य शरीर, मन, कुटुंब, समाज, संस्कृती, भूमी आणि पूर्वजांशी असलेले नाते या सात गोष्टींवर उभे असते.

ही दुसरी बाजूच विद्यापीठांना जड जाते. शुल्क माफ करता येते, पण शिकवण्याची पद्धत बदलायची तर प्राध्यापकांनाही नव्याने शिकावे लागते. हा सगळा भार विभागातील एकट्या मूलनिवासी शिक्षकावर टाकून चालणार नाही. सरावाला भत्ता, ऑनर्सपासून पुढे राखून ठेवलेल्या जागा आणि अनुभवी मूलनिवासी मार्गदर्शक, या तीन गोष्टींवर आधी खर्च व्हायला हवा.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

२०११च्या जनगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ५ लाख आदिवासी आहेत. राखीव जागा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आहेत. पण कोरकू किंवा गोंडीत दुःख सांगणाऱ्याला त्याच भाषेत ऐकणारा समुपदेशक हवा असेल, तर प्रवेशाच्या आकड्यावर थांबता येणार नाही. मानसशास्त्राला प्रवेश घेतलेल्या आदिवासी विद्यार्थ्यांपैकी किती जण शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचले, हेही विद्यापीठांनी दरवर्षी जाहीर करावे.