सिझेरियन : निर्णय आणि त्याचे कारण

प्रसूती नैसर्गिक मार्गाने व्हावी की पोटावर शस्त्रक्रिया करून मूल बाहेर काढावे, हा प्रश्न आज घरोघरी चर्चिला जातो; परंतु तो बहुधा चुकीच्या रीतीने मांडला जातो. एक पक्ष सिझेरियनला व्यापार म्हणतो, तर दुसरा तिला वेदनांपासून सुटका मानतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ती एक मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेप्रमाणे तिला कारण लागते. ते कारण आईला समजेल अशा शब्दांत तिला सांगितले गेले पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.

काही कारणांपुढे वादाला जागाच नसते. वार गर्भाशयाच्या तोंडावर बसली असेल, तर तोंड उघडू लागताच ती सुटू लागते आणि मूल जन्मण्यापूर्वीच प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. पाणमोट फुटल्यावर मुलाच्या आधी नाळ खाली घसरली, तर ती चेपून मुलाचा प्राणवायू तुटतो. तेथे हिशेब मिनिटांचा असतो. मूल आडवे असेल व वळत नसेल, किंवा त्याचे डोके आईच्या कटिरातून उतरण्याजोगे नसेल, तर कितीही कळा आल्या तरी बाई मोकळी होत नाही. अशा बाईला आपली भाषा ‘अडलेली’ म्हणते, आणि त्या एका शब्दात फार मोठे दुःख साठलेले आहे. वेळेवर मदत न मिळाल्यास गर्भाशय फाटते. किंवा बाई वाचली तरी मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडून लघवी सतत गळत राहते, आणि तिच्यावर घरात व गावात तोंड लपविण्याची पाळी येते.

शस्त्रक्रियेने हे टळू लागले त्याला फार काळ लोटलेला नाही. पूर्वी गर्भाशयावरील छेद शिवीतच नसत. म्हणून बहुतेक माता रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने मरत. 1876 साली इटलीतील पोरो यांनी मूल काढल्यावर गर्भाशयही काढून टाकून आईला वाचविले. 1882 साली जर्मनीतील झेंगर यांनी गर्भाशय नीट शिवण्याची पद्धत मांडली, तेव्हा कोठे आई आणि तिचे गर्भाशय दोन्ही वाचण्याची आशा निर्माण झाली.

आता आपल्या देशाचे आकडे पाहावेत. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात 21.5 टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण 14.3 टक्के, तर खाजगी दवाखान्यांत 47.4 टक्के होते. तेलंगणात ते 60.7 टक्के होते आणि नागालँडमध्ये 5.2. शरीररचनेने उलगडावा असा हा फरक नव्हे. लोकसंख्येत हे प्रमाण 10 टक्क्यांपलीकडे गेल्याने माता व नवजात बालकांचे मृत्यू आणखी घटत असल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली स्पष्ट केले आहे. मात्र या आकड्यावरून एखाद्या बाईचा निर्णय करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. एकीकडे गरज नसता छेद घेतला जातो, आणि दुसरीकडे अडलेल्या बाईला शस्त्रक्रियागृह गाठता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच देशात घडतात. पहिलीची ओरड फार होते. दुसरी मुकाट्याने घडते.

खरा वाद आहे तो ज्या कारणांत वैद्याचा अंदाज मिसळलेला असतो त्यांविषयी. ‘कळा पुढे सरकत नाहीत’ हे त्यांतील मोठे कारण होय. गर्भाशयाचे तोंड ताशी एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, ही अपेक्षा अनेक वर्षे रूढ होती. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने ती अनेक स्त्रियांच्या बाबतीत अवास्तव ठरविली, आणि वेगाने प्रगती होण्याचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून मोजावा असे सांगितले. म्हणजे काल जी बाई ‘अडलेली’ ठरली असती, ती आज केवळ सावकाश असू शकते. मात्र सावकाशीला सोबत लागते. रात्रभर शेजारी बसून मुलाच्या हृदयाचे ठोके मोजणारी परिचारिका लागते. आणि आपल्याकडे नेमकी तिचीच वाण आहे.

पायाळू मुलाची गोष्ट अशीच. (पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत येथे बाजूला ठेवू.) 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात अशा मुलांसाठी नियोजित शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित ठरली, आणि जगभर पायाळू प्रसूती करण्याचे हातचे कौशल्य लोपत चालले. परंतु दिवस भरत आले असता पोटावरून हातांनी मूल फिरविता येते; सुमारे निम्म्या वेळा ते साधते. हा मार्ग किती जणींना सुचविला जातो?

‘पहिले सिझेरियन, म्हणून दुसरेही’ हे तर सूत्रच होऊन बसले आहे. ते 1916 साली न्यूयॉर्कच्या क्रेगिन यांनी मांडले. पण त्यांचा रोख पहिली शस्त्रक्रिया विनाकारण करू नका, असा होता! आज गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतात. त्यानंतर योग्य निवड करून नैसर्गिक प्रसूतीचा यत्न केल्यास चारांपैकी सुमारे तिघींना यश येते. व्रण फाटण्याचा धोका दोनशेत एकीच्या आसपास असतो, म्हणून तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेली जागा मात्र हवी. उलट प्रत्येक नव्या छेदाबरोबर पुढील गर्भारपणी वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो, आणि तेव्हा कित्येकदा गर्भाशयच काढावे लागते. पहिल्या निर्णयाची किंमत अशी तिसऱ्या बाळंतपणी मोजावी लागते.

मुहूर्त पाहून शस्त्रक्रियेची वेळ ठरविणाऱ्या कुटुंबांविषयीही एक शब्द. कळांच्या काळात मुलाच्या फुप्फुसांतील द्रव ओसरू लागतो. 39 आठवड्यांपूर्वी, कळांवाचून बाहेर काढलेल्या मुलाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव अधिक असतो. पंचांगात याची नोंद नसते.

प्रत्येक प्रसूतिगृहाला आपला हिशेब पाहता यावा, यासाठी रॉब्सन यांनी 2001 साली एक वर्गीकरण सुचविले. बाई पहिलटकरीण आहे काय, पूर्वीचा छेद आहे काय, मूल एक की जुळे, कोणत्या स्थितीत, दिवस भरलेले आहेत काय, कळा आपोआप आल्या की आणविल्या, एवढ्या माहितीवरून सर्व प्रसूती दहा गटांत विभागतात, आणि कोणत्या गटात शस्त्रक्रिया वाढत आहेत हे लगेच दिसते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. नीट भरलेली नोंदवही पुरते.