मैदानावर उतरण्याआधी

पोलीस भरतीचं वारं सुटलं की आमच्या कर्जत भागात पहाटे पाचलाच रस्ते जागे होतात. ओढणी कमरेला घट्ट बांधून मुली धावत असतात. खरं सांगते, ऊर भरून येतो. आमच्या वेळी मुलगी अशी रस्त्यावर पळाली असती तर गावभर चर्चा झाली असती!

पण मैत्रिणींनो, गेल्या खेपेला आमच्या बचत गटातल्या एकीची लेक गुडघा धरूनच घरी आली. मैदानी परीक्षा दीड महिन्यावर होती. महिलांसाठी या परीक्षेचे ५० गुण. त्यात ८०० मीटरला २०, १०० मीटर आणि गोळाफेकीला १५-१५. क्लासचे सर या गुणांच्याच मागे. पहिल्या दिवसापासून घड्याळ लावून पळवलं. तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला, तर म्हणे "सवय होईल." भरती हुकली ती हुकलीच, पोरीला जिना चढणंही अवघड झालं.

दोन वर्षं घरात बसून अभ्यास केलेले पाय एकदम वेग कसा सोसतील? दम लवकर वाढतो, पण सांधे आणि स्नायूबंध तयार व्हायला महिने लागतात. आधी चालणं, हळू धावणं, उठाबशा, मांड्या-पोटऱ्यांचा व्यायाम, आणि घड्याळ त्यानंतर. पाया न भरता कुणी स्लॅब टाकतं का?

आपल्या जिल्ह्याच्या शिवेला लागून आष्टी तालुका आहे. तिथल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला, तेव्हा काही स्टीपलचेसचा खेळाडू नव्हता. मधे वजनही वाढलं होतं. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली त्यानं आधी शरीर घडवलं. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळालं, सोनं हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या भागानं. माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर आधी मॅरेथॉन धावायची. त्या दमावर ती स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी असते. दरवेळी सगळा भार गुडघ्या-घोट्यावर.

आणि रक्ताचं काय? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरांपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. प्राणवायू वाहून नेणारं रक्तच कमी, तर धाप लागणारच. सर मात्र तिला आळशी ठरवून मोकळे.

क्लासची फी भरताना आपण "किती मुली भरती झाल्या?" एवढंच विचारतो. पहिल्या महिन्यात काय करून घेता, दुखलं तर थांबवता का, पाळीच्या दिवसांत काय, हेही विचारायला हवं. विचारताना लाजू नका, पैसे आपले आणि पोरही आपली.

ती लेक आता डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करते आहे. पुन्हा फॉर्म भरायचा म्हणते. या वेळी क्लास शोधण्याआधी आम्ही तिचं हिमोग्लोबिन तपासून घेतलं. नऊ आलं.