लाव्ह्यांना वेगळं खोकं द्या!

एकाच बल्बखाली कोंबडीची पिवळी पिल्लं आणि त्यांना खेटून बसलेली लाव्ह्याची, म्हणजे बटेरची, इवलीशी पट्टेरी पिल्लं. अशी रील बघताना तोंडातून 'सो क्यूट' निघतंच. पण ती बघून गावाकडे दोन्ही एकत्र वाढवायचा साइड बिझनेस डोक्यात घोळत असेल, तर जरा थांबा. ही काटकसर नाही, पिल्लांच्या जिवाशी खेळ आहे.

साधं गणित बघा. कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांनी अंड्यातून बाहेर येतं, तेव्हा साधारण ३५ ते ४० ग्रॅमचं असतं. जपानी लाव्ह्याचं पिल्लू १७-१८ दिवसांत येतं आणि भरतं जेमतेम ७ ते १० ग्रॅम. म्हणजे रूममेट चौपट मोठा! उबेसाठी सगळी एका कोपऱ्यात गोळा झाली, की तुडवलं कोण जाणार हे सांगायला नको. कोंबडीच्या पाण्याच्या भांड्यात तर लाव्ह्याचं पिल्लू बुडून मरू शकतं. म्हणूनच जाणकार लाव्ह्यांच्या भांड्यात गोट्या किंवा खडे टाकतात.

खाण्याचंही तेच. लाव्ह्याला सुरुवातीला २४ ते २७ टक्के प्रथिनांचं, बारीक दळलेलं खाद्य लागतं. अंड्यांसाठी वाढवायच्या कोंबडीच्या पिल्लाला साधारण २० टक्के पुरतात. दोघांना एकच खाद्य दिलं, तर लाव्ह्याची उपासमार, नाहीतर तुमच्या पैशांची नासाडी. त्यात आजार. आतड्यांना व्रण पाडणाऱ्या एका आजाराचं नावच 'क्वेल डिसीज' आहे, आणि तो कोंबड्यांनाही होतो.

'आमच्याकडे तर एकत्र जगली की!' असं सांगणारे भेटतील. पण कॅमेऱ्यासमोर जगलेलीच पिल्लं येतात. मेलेल्यांची रील कुणी टाकत नाही.

लाव्हे पाळूच नका, असं अजिबात म्हणणं नाही. सहा-सात आठवड्यांत अंडी द्यायला लागणारा, कमी जागेत मावणारा हा पक्षी विद्यार्थ्यांसाठी खरंच चांगला पर्याय आहे. मागणी एवढीच : दुसरं खोकं, दुसरा बल्ब, वेगळी भांडी, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुणं. पुठ्ठ्याचं खोकं किराणा दुकानात मागितलं तरी मिळतं.

तेवढंही जमणार नसेल, तर फक्त कोंबड्या पाळा. आपल्या हौसेची किंमत दहा ग्रॅमच्या जिवानं का मोजायची?