जावक क्रमांक नाही? मग पुढे ढकलू नका!

मंडळी, "सावधान! मोबाइलमध्ये गंभीर त्रुटी, सरकारचा इशारा, ताबडतोब अपडेट करा!" असा निरोप आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून येतोच. कोणता मोबाइल? कोणती आवृत्ती? इशारा कधीचा? काही पत्ता नाही. लोक आधी घाबरतात, मग कंटाळतात. मग खरा इशारा आला तरी त्याकडे कोणी बघत नाही. लांडगा आला रे आला, दुसरं काय!

खरं तर केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून हे काम करते. तिच्या सूचनेवर सीआयव्हीएन किंवा सीआयएडी अशी अक्षरं, वर्ष आणि अनुक्रमांक असतो. खाली ठरलेले रकाने : सॉफ्टवेअर कोणतं, धोका किती, उपाय काय. शिवाय त्रुटींना सीव्हीई हा जगभर चालणारा क्रमांक मिळतो, तोही १९९९ पासून. त्याआधी एकाच त्रुटीला जो तो आपापलं नाव द्यायचा.

"फॉर्म भरणं म्हणजे निव्वळ कारकुनी," असं काही ब्लॉगर मित्र म्हणतात. साफ चूक! डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या सॉफ्टवेअरमधली त्रुटी जाहीर झाली : सीव्हीई-२०२१-४४२२८. तिच्यासाठी २.१५.० ही आवृत्ती आली. ती दुरुस्ती अपुरी निघाली आणि काही दिवसांतच दुसरा क्रमांक द्यावा लागला : सीव्हीई-२०२१-४५०४६. त्यासाठी २.१६.० आली. आता "लॉग-फोर-जे दुरुस्त केलं" एवढं म्हणून भागेल का? पहिलं की दुसरं? आता बोला!

आम्ही मास्तर लोक आवक-जावक नोंदवहीत वाढलो. शासन निर्णयावर आज संकेतांक असतो. "वरून आदेश आलाय" एवढ्या तोंडी निरोपावर बीड जिल्ह्यातला कुठलाही शहाणा मुख्याध्यापक शाळेचा पैसा खर्च करणार नाही. मग ज्या फोनवर आपली पेन्शन दिसते, त्याच्या बाबतीत एवढी ढिलाई का?

फॉर्मचा मोठा गुण म्हणजे रिकामा रकाना डोळ्यांत खुपतो. भारदस्त भाषेत लिहिलेल्या इशाऱ्यात उपायच राहून गेला तरी पटकन कळत नाही.

कोणी म्हणेल, खोटा क्रमांकही चिकटवता येतो. येतो ना! पण तो तपासता येतो. बिनक्रमांकाची अफवा कुठे तपासणार?

म्हणून वर्तमानपत्रांनी अशा बातमीत क्रमांक छापावा, आणि घरच्यांनी क्रमांक नसलेला इशारा पुढे पाठवू नये. पटलं तर कळवा, न पटलं तर जरूर भांडा.